इंग्लंडच्या हिवाळ्यात मन उतरतं तेव्हा : टॉक थेरपी मिळवण्याचे टप्पे, योग्य क्रमाने

मार्च उजाडला की मला एक-दोन फोन हमखास येतात. "ताई, जानेवारीत फॉर्म भरला होता, थेरपीची तारीख आत्ता कुठे आलीय. पण आता दिवस मोठा झालाय, बरं वाटतंय. कॅन्सल करून टाकू का?"

करू नका. मी केलं होतं. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा त्याच पलंगावर, त्याच रजईत, तोच फॉर्म पहिल्यापासून भरत बसले होते. हिवाळ्यातल्या उदासीवर मदत मागताना आपली माणसं जिथे चुकतात, त्यातल्या बहुतेक चुका वेळेच्या आणि क्रमाच्या असतात. अर्ज उशिरा जातो, फॉर्मवर त्रास कमी सांगितला जातो, फोन उचलला जात नाही आणि ऊन पडलं की माघार घेतली जाते. म्हणून इथे एकेक टप्पा क्रमाने मांडते आहे.

हे सगळं इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. इथे सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' ही बोलून उपचार करणारी मोफत सेवा आहे आणि तिच्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट अर्ज करता येतो. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे, तिथे सुरुवात आपल्या जीपीपासून, म्हणजे जिथे नाव नोंदलेलं असतं त्या भागातल्या डॉक्टरांपासून करा.

आधी हे वाचा. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. १११ वर फोन करून मानसिक आरोग्यासाठी २ दाबा. जीव धोक्यात असेल तर ९९९. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस, फुकट चालतो. टॉकिंग थेरपीज ही तातडीची सेवा नाही. तिथे फॉर्म भरून उत्तराची वाट पाहत बसू नका.

## टप्पा १ : हे हिवाळ्याचंच आहे का, ते कागदावर पाहा

पुण्यात डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये तो पावणेआठ-आठ तासांचा, आणि सूर्य चारच्या आत मावळतो. साडेआठला ऑफिसात शिरायचं आणि साडेपाचला बाहेर पडायचं, म्हणजे आठवडाभर ऊन दिसतच नाही. त्यामुळे थोडं मरगळल्यासारखं सगळ्यांनाच होतं. पण 'थोडं मरगळणं' आणि 'हिवाळी नैराश्य' यांत फरक आहे, आणि तो आठवणीवर विसंबून कळत नाही.

एक कागद घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांचे महिने लिहा. घड्याळं मागे जातात तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मधे खूण म्हणून ठेवा. प्रत्येक महिन्यापुढे लिहा : झोप कशी होती, कामावर आजारपणाचे किती दाखले दिले, कुणाला भेटायचं टाळलं. जुने फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट चाळलं तर बरंच काही सापडतं. माझ्या स्टेटमेंटमध्ये सलग दोन वर्षं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या नोंदीच नोंदी होत्या. एप्रिलपासून एकदम बंद. तो कागद पाहीपर्यंत मला वाटत होतं, आपण आळशी झालोय.

हिवाळ्यातल्या नैराश्याची ठेवण जरा वेगळी असते. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याच जणांची झोप उडते, भूक मरते. इथे बहुतेकदा उलटं होतं. दहा-दहा तास झोपूनही उठवत नाही, गोड आणि भात-बटाटा-ब्रेड खावासा वाटतो, वजन वाढतं, हातापायांत शिसं भरल्यासारखं वाटतं. आणि झोप-भूक व्यवस्थित आहे म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही, असं समजून माणूस गप्प बसतो.

त्याच आठवड्यात जीपीकडे रक्ततपासणीही मागा : थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींत बी-१२ कमी असणं नवीन नाही, आणि सावळ्या कातडीला इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. म्हणून तर मूळच्या दक्षिण आशियातल्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा इथला सरकारी सल्ला आहे. यातलं काहीही कमी असेल तर थकवा आणि उदासी दोन्ही येऊ शकतात.

सावधान : रिपोर्ट येईपर्यंत थेरपीचा अर्ज थांबवू नका. दोन्ही गोष्टी एकत्र चालू द्या.

आणखी एक, फार महत्त्वाचं : वसंतात किंवा उन्हाळ्यात तुम्हाला आठवडाभर तीन-चार तास झोप पुरते, डोक्यात विचारांची गर्दी होते, पैसा वाटेल तसा खर्च होतो, घरचे म्हणतात "तू फारच उधळलायस", असं कधी झालं असेल तर ते कागदावर लिहा आणि जीपीला सांगा. त्यावरचे उपचार वेगळे असतात, आणि नुसती नैराश्याची गोळी किंवा प्रखर दिवा (हिवाळी उदासीवर उपचार म्हणून रोज समोर लावतात तो) अशा वेळी उलटू शकतो.

## टप्पा २ : जीपीकडे नाव आहे ना?

ही सेवा बहुतेक ठिकाणी १८ वर्षांवरच्यांना, आणि इंग्लंडमधल्या जीपीकडे नोंद असलेल्यांना मिळते. नव्याने आलेल्या, विशेषतः डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांची नोंद अनेकदा झालेलीच नसते. "मला काही आजार नाही, कशाला जाऊ?" म्हणून राहून जातं. नोंदणी ऑनलाइन होते आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही. काउंटरवर कुणी मागितलाच तर शांतपणे सांगा की तो बंधनकारक नाही.

घर बदललं असेल तर जीपीकडचा पत्ता आणि मोबाइल नंबर आजच बदलून घ्या. जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्र म्हणजे हुकलेली अपॉइंटमेंट.

व्हिसाचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण मला हळू आवाजात विचारतो. एनएचएसचे उपचार हे व्हिसावर लिहिलेल्या 'पब्लिक फंड्स'मध्ये (सरकारी भत्त्यांमध्ये) मोडत नाहीत. बहुतेक कामाच्या व्हिसांवर माणशी, वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार तुम्ही आधीच भरलेला असतो. थेरपिस्ट तुमच्या कंपनीला काही कळवत नाही. जीपीला साधारणपणे पत्र जातं. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच गुप्तता मोडली जाते. हे नियम पहिल्याच फोनवर वाचून दाखवतात, तेव्हा हवे तेवढे प्रश्न विचारा.

## टप्पा ३ : अर्ज कधी करायचा

सप्टेंबरात. फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

सेवेचं उद्दिष्ट असं आहे की शंभरातल्या ७५ जणांचे उपचार ६ आठवड्यांत आणि ९५ जणांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. पण पहिली आणि दुसरी भेट यांतही अंतर पडतं, आणि काही भागांत ते बरंच लांबतं. आता उलटं मोजा. जानेवारीत अर्ज केला, तर खरी थेरपी रुळेपर्यंत मार्च-एप्रिल. तोवर मन आपोआप वर आलेलं असतं, आणि सुरुवातीला सांगितलेला तो फोन मला येतो.

"पण सप्टेंबरात तर मला बरं असतं, मग अर्जात काय लिहू?" खरं तेच लिहा : गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत काय झालं, आता ते पुन्हा सुरू होण्याची चिन्हं कोणती दिसतात. प्रश्नावलीत मार्क कमी आले म्हणून काही ठिकाणी "आत्ता गरज दिसत नाही" असं सांगतील. तसं झालं तर दोन गोष्टी विचारा : त्यांच्या ऑनलाइन कोर्सला किंवा गटाच्या वर्गाला आत्ता बसता येईल का, आणि पहिली लक्षणं दिसताच परत कसा संपर्क करायचा. मिळालेलं उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

आणि हा लेख जर जानेवारीत वाचत असाल तर? आज अर्ज करा. उशीर झाला म्हणून पुढच्या वर्षावर टाकू नका, कारण एप्रिलमध्ये मिळालेली थेरपीही पुढच्या हिवाळ्याच्या कामी येते. का, ते टप्पा ७ मध्ये.

गरोदर असाल किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर ते अर्जात ठळक लिहा. अशा बायकांना बहुतेक सेवा प्राधान्य देतात.

## टप्पा ४ : एका पानाचं टिपण, मराठीत

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते बाकी सगळ्याचं यश यावरच ठरतं.

आपल्याकडे मनाचं दुखणं सांगायला शब्द भरपूर आहेत. करमत नाही. जीव लागत नाही. डोकं जड झालंय. अंगात त्राण नाही. छातीत धाकधूक होते. कशात मन रमत नाही. उगाच भरून येतं. पण फोनवर समोरून इंग्रजीत "हाऊ हॅव यू बीन फीलिंग?" असं आलं, की यातलं एकही तोंडातून निघत नाही. निघतं ते "आय ॲम फाइन, जस्ट अ बिट टायर्ड." समोरचा माणूस ते जसंच्या तसं लिहून घेतो. त्याचा दोष नाही, त्याला दुसरं काही ऐकूच आलेलं नाही.

म्हणून भावना भाषांतर करायच्या भानगडीत पडू नका. घडलेल्या गोष्टी लिहा. 'करमत नाही' याचं इंग्रजी सापडत नसेल, तर करमत नाही तेव्हा तुम्ही काय करता किंवा काय करत नाही, ते लिहा. माझ्या पानावरच्या चार ओळी अशा होत्या :

*सोमवार. गजर सहा वेळा बंद केला. डबा केला नाही. मुलाला शाळेत टोस्ट खात खात नेलं.*

*बुधवार. आईचा व्हिडिओ कॉल कापला, मीटिंग आहे म्हणून खोटं सांगितलं. मीटिंग नव्हती.*

*गुरुवार. दुपारी तीनला बाथरूममध्ये जाऊन रडले. कारण सांगता येत नाही.*

*शनिवार. मंडळाच्या कार्यक्रमाला साडी काढून ठेवली होती. गेले नाही. साडी मंगळवारपर्यंत खुर्चीवरच.*

आधी मराठीत लिहा, मग त्याचं साधं इंग्रजी करा. व्याकरण चुकलं तरी चालतं. पहिल्या भेटीच्या फोनवर मी फक्त या चार ओळी वाचल्या, तर समोरची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, की आता मला नीट समजलं.

पानावर आणखी एवढं असू द्या : त्रास कधीपासून, कुठली औषधं चालू आहेत, दारू-सिगारेट किती (खरा आकडा), पूर्वी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला आहे का, आणि थेरपीतून तुम्हाला काय हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'बरं वाटायला हवं' एवढंच नको. 'डिसेंबरात रोज वेळेवर उठून मुलाला शाळेत सोडता यायला हवं' असं, डोळ्यांना दिसणारं हवं.

तपासून पाहा : तुमचं पान वाचून अनोळखी माणसाला तुमचा एक दिवस डोळ्यांपुढे उभा करता येतो का? येत नसेल तर अजून दोन प्रसंग लिहा.

## टप्पा ५ : फॉर्म आणि त्यातली ती नऊ प्रश्नांची यादी

एनएचएसच्या वेबसाइटवर टॉकिंग थेरपीज शोधण्याचं पान आहे. तिथे आपली जीपी सर्जरी किंवा पोस्टकोड टाकला की तुमच्या भागाची सेवा दिसते आणि 'सेल्फ-रेफरल'चा फॉर्म उघडतो. फोननेही अर्ज करता येतो. सेवा सहसा जीपीवरून ठरते, घरावरून नाही, हे हद्दीजवळ राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

फॉर्ममध्ये किंवा नंतर फोनवर दोन प्रश्नावल्या येतात. पीएचक्यू-९ नैराश्यासाठी, २७ पैकी. जीएडी-७ चिंतेसाठी, २१ पैकी. दोन्ही गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त आले की साधारणपणे उपचारांची गरज धरतात.

इथे होणाऱ्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की एकेक सांगते.

झोपेचा प्रश्न आपण अर्धाच वाचतो. त्यात झोप न लागणं आहे, तसंच फार झोपणंही आहे. भुकेच्या प्रश्नातही भूक नसणं आणि अति खाणं दोन्ही आहे. हिवाळी नैराश्यात नेमकं हेच होतं, आणि नेमका इथेच माणूस शून्यावर टिक करून मोकळा होतो. सहा मार्क तिथेच गेले.

'निम्म्याहून जास्त दिवस' म्हणजे चौदापैकी सातांहून जास्त. बोटांवर मोजा. अंदाजाने 'काही दिवस' ठोकू नका.

'तरीही मी कामाला जातेच की' म्हणून मार्क कमी करू नका. कामाला जाता येणं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा विचारतात.

आणि नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का. यावर आपल्यातले आईबाप हमखास खोटं लिहितात, मुलं काढून घेतील या भीतीने. नुसता असा विचार येतो म्हणून कुणी मुलं घेऊन जात नाही. हे विचार त्या लोकांना रोज ऐकायला मिळतात. ते पुढे विचारतील की काही ठरवलं आहे का, जवळ कोण आहे, आणि तुम्ही सुरक्षित कसं राहाल याची आखणी तुमच्याबरोबर करतील. इथे खरं लिहा. एवढं एकच मी हात जोडून सांगते.

दुभाषी : इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर फॉर्ममध्येच लिहा की मराठी दुभाषी हवा. तो मोफत मिळतो. यादीत मराठी दिसत नसेल तर 'इतर'मध्ये लिहा, आणि सोयीचं म्हणून हिंदी-गुजराती निवडू नका, खरोखर अस्खलित येत असेल तरच. नवऱ्याला, बायकोला किंवा मुलाला दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर अर्ध्या गोष्टी बोलल्या जाणार नाहीत.

## टप्पा ६ : तो फोन

पहिली भेट बहुतेक फोनवर होते, अर्धा ते पाऊण तास. आणि एनएचएसचे फोन पुष्कळदा 'नो कॉलर आयडी' म्हणून येतात. आपण फसवणुकीचे फोन समजून ते कापतो. माझा पहिला अर्ज असाच बाद झाला. दोन फोन मी उचलले नाहीत, मग एक पत्र आलं की तुम्हाला रस दिसत नाही, फाइल बंद करत आहोत. पत्र वाचून मी तासभर पायऱ्यांवर बसून होते. त्या अवस्थेत पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं किती जड जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

म्हणून :

१. अर्ज केल्यापासून अनोळखी नंबर अडवणारं ॲप किंवा फोनमधलं सेटिंग बंद करा.
२. स्पॅम फोल्डर दिवसाआड पाहा. "अमुक दिवसांत लिंकवरून वेळ ठरवा" असे मेसेज येतात, आणि मुदत गेली की नाव निघतं.
३. फोन मेसेज-बॉक्सवर गेला तर त्याच दिवशी उलट फोन करा.
४. वेळ जमणार नसेल तर आदल्या दिवशीपर्यंत कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर अनेक सेवा एक-दोनदाच संधी देतात.

जागेचाही विचार आधी करा. इथल्या भिंती पातळ, घरात सासूबाई आलेल्या, नवरा बैठकीच्या खोलीत मीटिंगवर. पुष्कळ जण गाडीत बसून बोलतात, ते ठीक आहे. फक्त गाडी उभी हवी, फोन चार्ज हवा आणि पाण्याची बाटली जवळ हवी. सुरुवातीला "आत्ता कुठे आहात?" असं विचारतात. ती पाळत नव्हे. काही अघटित झालं तर मदत कुठे पाठवायची, यासाठी ते असतं.

टिपणाचं पान हातात घेऊनच फोन उचला. "मी लिहून ठेवलंय, वाचून दाखवू का?" असं सरळ विचारा.

तपासून पाहा, फोन ठेवण्यापूर्वी : पुढे काय होणार, कोणती थेरपी, साधारण किती आठवड्यांनी, आणि तोवर बिघडलं तर कुणाला फोन करायचा. चारही उत्तरं लिहून घेतल्याशिवाय निरोप घेऊ नका.

## टप्पा ७ : काय मिळेल, आणि काय मागावं

त्रास सौम्य ते मध्यम असेल तर बहुधा 'गायडेड सेल्फ-हेल्प' देतात : अर्ध्या तासाच्या सहा ते आठ भेटी, सोबत वाचायचं आणि करायचं साहित्य. त्रास जास्त असेल किंवा याने भागलं नाही, तर प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), समुपदेशन किंवा नातेसंबंधांवर काम करणारी थेरपी. पहिलं मिळालं म्हणून 'आपल्याला हलकं काढलं' असं समजू नका. सरळ करून पाहा, आणि तीन-चार भेटींत काहीच हलत नसेल तर स्पष्ट सांगा, वरच्या पायरीवर पाठवायला सांगा.

निवड करायला मिळाली तर हिवाळ्याच्या त्रासासाठी मी सीबीटी मागेन. त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात १७७ जणांवर सीबीटी आणि प्रखर दिवा यांची तुलना झाली. त्याच हिवाळ्यात दोन्हींचा उपयोग सारखाच झाला. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निष्कर्षांत, दुसऱ्या हिवाळ्यात दिव्याच्या गटातल्या ४५.६ टक्के लोकांना नैराश्य परत आलं आणि सीबीटीच्या गटातल्या २७.३ टक्के लोकांना. दिवा रोज लावावा लागतो, कंटाळा आला की सुटतो. थेरपीत शिकलेलं पुढच्या वर्षी बरोबर येतं. म्हणूनच मार्चमध्ये तारीख मिळाली तरी ती घ्यायची.

दिव्याबद्दल एवढंच : कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इथल्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार त्याच्या उपयोगाचा पुरावा अनिश्चित आहे. सकाळी लावून पाहायचा असेल तर थेरपीच्या जोडीला लावा, तिच्याऐवजी नको. डोळ्यांचा विकार असेल तर आधी विचारा.

रांग फार लांब असेल तर : कंपनीच्या 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम'मधून मोजक्या मोफत भेटी मिळतात का, पाहा. आयटीतल्या बहुतेकांकडे हा असतो आणि बहुतेकांना ठाऊक नसतो. खासगीत साधारण पन्नास ते शंभर पौंड एका भेटीला पडतात. इथे 'थेरपिस्ट' आणि 'काउन्सेलर' या पदव्यांना कायद्याचं कुंपण नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून बीएसीपी, बीएबीसीपी किंवा यूकेसीपी या थेरपिस्टांच्या संस्थांच्या यादीत नाव शोधा. सायकॉलॉजिस्ट असेल तर एचसीपीसीच्या यादीत. भारतातल्या मराठी थेरपिस्टशी ऑनलाइन बोलणारेही आहेत. भाषेचा मोठा आधार वाटतो, फक्त हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर धरून वेळ ठरवा, आणि अडीअडचणीला त्यांना इथली मदत बोलावता येणार नाही, हे लक्षात घेऊन १११ जवळ ठेवा.

## टप्पा ८ : भेटी सुरू झाल्यावर

सीबीटीत गृहपाठ असतो. 'मूड आला की करू' म्हणून बसलात तर काहीच होणार नाही, कारण तो येत नाही, हेच तर दुखणं आहे. आधी कृती, मग हळूहळू मूड. माझा पहिल्या आठवड्याचा तक्ता एवढासा होता : रोज साडेबाराला वीस मिनिटं बाहेर, पाऊस असला तरी. मंगळवारी आईला फोन, दहाच मिनिटं. शनिवारी कुकर लावायचा, बाहेरून काही नाही. प्रत्येकापुढे करण्याआधीचा आणि नंतरचा मूड, दहापैकी. मंगळवारी आधी २, नंतर ४. एवढ्या दोन मार्कांवर मी पुढचा आठवडा ढकलला.

जानेवारी सर्वांत कठीण जातो. त्यासाठी नोव्हेंबरातच काहीतरी बांधून ठेवा, जे रद्द करायला लाज वाटेल. मैत्रिणीबरोबर संक्रांतीच्या हळदीकुंकवाची जबाबदारी घ्या, बॅडमिंटनचं कोर्ट पैसे भरून ठेवा. दिवाळीनंतर इथे एकदम सामसूम होते, ती पोकळी ओळखून भरा.

प्रत्येक भेटीआधी त्याच प्रश्नावल्या पुन्हा येतात. थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून मार्क कमी करू नका. आपल्याला ही सवय आहे, पाहुण्याला 'जेवण छान झालं' म्हणायची. इथे ती महागात पडते, कारण याच मार्कांवरून पुढची थेरपी ठरते.

न जुळणारा थेरपिस्ट बदलून मागता येतो. "तुमच्याविषयी तक्रार नाही, पण मला मोकळं होता येत नाहीये" एवढं सांगितलं की पुरे.

## टप्पा ९ : भारतवारी आणि मार्च

डिसेंबरात तीन आठवडे घरी जायचं असेल तर पहिल्याच भेटीत तारखा सांगा. तुम्ही देशाबाहेर असताना बहुतेक सेवा भेट घेत नाहीत. तिथे ऊन, माणसं, आईच्या हातचं, सगळं एकदम मिळतं आणि मन वर येतं. परतल्यावर पहिल्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांचं विचारतील, आणि ते दोन्ही आठवडे सांगली-नाशिकचे असतील. मार्क खाली दिसतील. तेव्हा आपणहून सांगा : हे भारतातले आकडे आहेत, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. नाहीतर 'सुधारणा झाली' म्हणून उपचार आटोपते घेतले जाण्याची शक्यता असते.

मार्चमध्ये बरं वाटायला लागलं की थेरपिस्टला तेही सांगा, पण उरलेल्या भेटी पूर्ण करा आणि त्यांचा विषय बदलून मागा : आता पुढच्या ऑक्टोबरची तयारी. शेवटच्या भेटीत एक कागद तयार करून घ्या. त्यावर तुमची पहिली तीन लक्षणं (माझी : डबा बंद, आईचे फोन टाळणं, पडदे न उघडणं), ती दिसल्यावर करायच्या तीन गोष्टी, आणि सेवेकडे परत येण्याचा रस्ता. एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाला द्या, कारण पहिलं लक्षण बहुधा त्यांनाच आधी दिसतं. माझ्या घरी हे काम नवऱ्याकडे आहे. पडदा दोन दिवस बंद दिसला की तो काही न बोलता तो कागद फ्रिजवर लावतो.

मग फोनचं कॅलेंडर उघडा आणि १ सप्टेंबरवर, दरवर्षी परत येईल अशी, एक नोंद टाका : 'कागद वाच. जीपीकडचा फोन नंबर बरोबर आहे का बघ. ड जीवनसत्त्वाची बाटली आण. फॉर्म उघड.'